तलाठीसाहेबांचा फेरफार

एंटर दाबण्याआधी तलाठीसाहेब दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवत. मग पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचत. एकदा नाही, तीनदा. तिसरं वाचन झालं की उजव्या हाताचं एक बोट सावकाश वर यायचं, कळेवर क्षणभर थांबायचं आणि दाबायचं. ते बोट थरथरत असे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला कंपवात असणार. कंपवात नव्हता, ते घाबरलेले असत. ज्याची उभी हयात संगणकापुढे गेली तो माणूस प्रत्येक एंटरला घाबरतो, हे कळल्यावर मी इतकी घाबरले की त्या दिवशी कशालाच हात लावला नाही.

तसं घाबरायला मला फार कारण लागतं असंही नाही. पालीला, लिफ्टला, सचिवांच्या केबिनच्या दाराला, फोनवर अनोळखी नंबर दिसला तर त्यालाही मी घाबरते. यवतमाळच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत मला नोकरी लागली ती तलाठीसाहेबांच्या हाताखाली. आम्हा दोघांचा मिळून संगणक विभाग. एक खोली, दोन खुर्च्या, एक कूलर आणि भिंतीपलीकडे रक्ताच्या पिशव्यांचे फ्रीज. त्या फ्रीजची घरघर दिवसभर ऐकू यायची. ती थांबली तर काय, याच विचारात मी पहिला महिना काढला.

ते खरे तलाठी नव्हते. त्यांचे वडील नेरजवळच्या एका गावात कोतवाल होते. तलाठ्याचं दप्तर डोक्यावर घेऊन त्याच्यामागे चालायचे. मुलगा शिकला, संगणकाकडे वळला, पण तोंडातले शब्द त्या दप्तरातलेच राहिले. म्हणून कुणीतरी कधीतरी ‘तलाठी’ म्हटलं आणि ते चिकटलं. तुम्हाला राग नाही येत का, असं मी एकदा भीत भीत विचारलं. "कायचा राग? बापानं जिंदगीभर तलाठ्याचं दप्तर वाह्यलं, अन् पोराले लोकं तलाठीच म्हनून राह्यले. बापानं ऐकलं असतं तं नाचला असता," असं म्हणून ते स्वतःशीच हसले.

आमचा सर्व्हर, म्हणजे पेढीचं मोठं मशीन, युनिक्सच्या घराण्यातलं. तिथं प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो, आणि ती कुणी वाचायची, कुणी लिहायची हे ठरलेलं असतं. कॉलेजात हे मला दोन वर्षं शिकवलं होतं आणि कळलं नव्हतं. तलाठीसाहेबांनी एका सकाळी चहा येईपर्यंत सांगितलं. फाइलींची यादी मागवली की प्रत्येक ओळीवर मालकाचं नाव येतं, तो सातबारा. मालकी वेगळी, वहिवाट वेगळी. मालक बदलायचा हुकूम म्हणजे फेरफार. "अन् एक ध्यानात ठेव," ते म्हणाले, "मशीनले नाव समजत नाई. तिले नंबर समजते. नाव आपल्यासाठी असते, आपून वाचतो म्हनून. मानूस गेला, खातं काढलं, तं नावाच्या जागी निसता नंबर उरते." मी हे वहीत उतरवून घेतलं आणि विसरले.

"हे कोनाचं?" हा त्यांचा दिवसातला पहिला प्रश्न. टेबलावर डबा दिसला, हे कोनाचं? कोपऱ्यात छत्री दिसली, हे कोनाचं? मशीनवर अनोळखी फाइल दिसली तरी तेच, त्याच आवाजात. उत्तर मिळाल्याशिवाय हात लावायचे नाहीत. एकदा एक पेन टेबलाच्या मधोमध तीन दिवस पडून होतं आणि आम्ही दोघं त्याला वळसा घालून काम करत होतो. चौथ्या दिवशी कळलं, ते त्यांच्याच खिशातलं. मी हसले तर म्हणाले, "हस. पन इचारल्याबिगर उचललं असतं तं?"

मशीनवर जे खातं वाट्टेल ते करू शकतं, त्याला ते ‘सरकार’ म्हणत. मशीनच्या स्वतःच्या ज्या फाइली, त्या सरकारी. तिथं त्यांचा एकच दंडक होता. "सरकार बनून फिरू नको. काम झालं का खाली उतर." मला मात्र उतरायचा आणि पुन्हा चढायचा कंटाळा. मी भित्री आहे तशी आळशीही आहे. दोन्ही गोष्टी एका माणसात सुखानं नांदतात. सकाळी एकदा सरकार झाले की मी संध्याकाळपर्यंत सरकारच असायची, आणि हे लक्षात आलं की तलाठीसाहेब नुसते माझ्या पडद्याकडे पाहत राहायचे.

एके दिवशी ते रजेवर होते. महागावला पुतणीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. आदल्या दिवशी मला सांगून गेले होते, "काही झालं तं फोन कर. काही नाई झालं तरी कर." आदल्याच दिवशी रक्तदान शिबिरही झालं होतं. सकाळी त्या पिशव्यांच्या तपासण्या उरकल्या आणि निकाल तपासणीच्या यंत्रातून सरळ आमच्या सर्व्हरवर आले. ते भलत्याच फोल्डरमध्ये पडले म्हणून मी ते उचलून योग्य जागी टाकले. अर्थात सरकार बनून. त्यामुळे ते निकाल सरकारी झाले आणि पेढीच्या प्रोग्रामला उघडेनात. चूक छोटी होती, दुरुस्ती एका ओळीची. या फोल्डरचा आणि त्याच्या पोटात जे काही आहे त्या सगळ्याचा मालक ‘लॅब’ कर, म्हणजे पेढीच्या प्रोग्रामचं खातं, एवढंच सांगायचं होतं. पडद्यावरच्या खिडकीत ओळ लिहिली, एंटर दाबलं. हात मांडीवर ठेवले नाहीत.

क्षणात संपायचं काम संपेना. मी ओळ पुन्हा पाहिली. पत्त्याची सुरुवात तिरक्या रेघेनं होते. त्या रेघेनंतर माझ्या अंगठ्यानं एक रिकामी जागा सोडली होती. नुसती तिरकी रेघ म्हणजे सगळं मशीन. तलाठीसाहेबांच्या भाषेत आख्खं गाव, शिवेपासून शिवेपर्यंत. मी एका फोल्डरचा नव्हे, सबंध गावाचा फेरफार ‘लॅब’च्या नावावर करत सुटले होते. काम मधेच तोडलं, तोवर अर्ध्याहून जास्त गाव गेलं होतं. उठून पळून जावं, बसस्टँडवर जी गाडी दिसेल तिच्यात बसावं, असं मला खरोखर वाटलं.

तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. पेढीतून पिशवी सोडायची की नाही हे त्या ठरवत. शेजारच्या रुग्णालयात एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला होता आणि तो थांबत नव्हता. तिचा गट बी निगेटिव्ह. त्या गटाची एकच पिशवी फ्रीजमध्ये होती, कालच्या शिबिरातली, आणि तिच्या तपासणीचा निकाल त्याच मशीनमध्ये होता. छापील कागद अजून निघाला नव्हता, आणि फाइलीतले सांकेतिक आकडे पेढीच्या प्रोग्रामशिवाय कुणाला वाचता येत नव्हते. निकाल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पिशवी द्यायची नसते, आणि नव्यानं तपासायचं तर तीन तास लागणार. "निकाल दाखव, मी पिशवी सोडते," त्या म्हणाल्या. काउंटरच्या काचेपलीकडे त्या बाईचा नवरा उभा होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, हातात चिठ्ठी. तो माझ्याकडेच पाहत होता.

मी फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता. "सर, मी आख्खं गाव लॅबच्या नावावर केलं," एवढंच मला सांगता आलं. बँडचा आवाज हळूहळू लांब गेला. ते मांडवाबाहेर चालत आले असणार. मग त्यांनी विचारलं, "खिडकी बंद केली का?"

"नाही."

"अजून सरकारच आहेस ना तू?"

"हो."

त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. "बंद करू नको. काई झालं तरी बंद करू नको. नव्यानं सरकार बनाचा दरवाजा होता ना, तोच लॅबच्या नावावर गेला. आता तुही तेवढी एक खिडकी उरली. हात मांडीवर ठेव पोरी."

मी हात मांडीवर ठेवले आणि वीज गेली. टेबलाखालचं यूपीएस टी टी करायला लागलं. जनरेटर होता, पण त्याची लाईन फक्त फ्रीजला आणि सर्व्हरला. माझा संगणक बंद पडला तर ती एकुलती खिडकी मिटणार, हे मला समजलं आणि रडूच फुटलं. फोनमधून तलाठीसाहेब म्हणाले, "रडून घे. फक्त कीबोर्डावर नको रडू." डॉक्टरबाईंना खिडकी, गाव, सरकार यातलं काही कळलं नव्हतं, पण माझी नजर यूपीएसवर आहे हे कळलं. त्या धावत गेल्या, फ्रीजच्या खोलीतून लांब वायर ओढत आणली आणि गुडघ्यावर बसून यूपीएसची पिन तिच्यात खुपसली. टी टी थांबलं.

सामानाच्या खोलीत दुसरं मशीन होतं, आमच्या सर्व्हरचं जुळं, तेही जनरेटरवर. दोन्ही एकाच दिवशी तलाठीसाहेबांनीच उभी केली होती. "जुळ्याचा सातबारा काढ," ते म्हणाले, "पुऱ्या गावाचा. अन् यादी नावानं काढ, नंबरानं नाई. जुळे असले तरी दोन गावांतले नंबर येगळे आहेत." मी नंबरानंच काढायला निघाले होते. यादी काढली, पेनड्राइव्हवर घेतली, मोठ्या मशीनवर आणली. या यादीप्रमाणे ज्याचं त्याला दे, असा हुकूम लिहिला. त्यांनी फोनवर माझ्याकडून तो तीनदा वाचून घेतला. त्यांच्या आवाजामागे आता बँड नव्हता, गाडीचा आवाज होता. साक्षगंध सोडून ते बसमध्ये चढले होते. मी एंटर दाबलं. ओळींमागून ओळी सरकत गेल्या आणि थांबल्या. यादी मागवली तर सरकारी ते पुन्हा सरकारी झालेलं होतं.

पण निकालांचं फोल्डर जुळ्या मशीनवर नव्हतंच. त्याचा मालक कोण, गट कोणता, वहिवाट काय, हे मला पाठ नव्हतं. सकाळीही मी अंदाजानंच लिहिलं होतं. "माह्या ड्रॉवरमधी निळी वही आहे," ते म्हणाले. मी घुटमळले. त्यांच्या ड्रॉवरला कुणी कधी हात लावला नव्हता. "लाव हात. माहं आहे, मी सांगून राह्यलो." वहीत प्रत्येक फोल्डरची नोंद त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होती. निकाल: मालक लॅब, गट तपासणी, मालकानं लिहावं, गटानं वाचावं, बाकीच्यांनी लांब राहावं. मी ओळ लिहिली. सकाळी जिनं गाव बुडवलं, जवळपास तीच ओळ. "लिहिली सर," म्हटलं. फोनमध्ये काहीच आवाज नव्हता. बस आर्णीच्या पुढे निघाली असावी आणि रेंज गेली होती.

मी परत लावला. लागला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगं, त्या बाईचं बीपी पडतंय." काचेपलीकडचा नवरा आता आमच्याकडे पाहतही नव्हता, खाली बसला होता. मी हात मांडीवर ठेवले. मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझी जीभ अडखळली, कारण तिरक्या रेघेनंतर पुन्हा एक रिकामी जागा होती. घाबरले की माझा अंगठा त्या कळेवर टेकतो, हे मला तेव्हा समजलं. मी ती जागा पुसली. पुन्हा हात मांडीवर, पुन्हा तीनदा वाचलं. माझं बोट अगदी त्यांच्यासारखं थरथरत होतं. दाबलं. एका क्षणात काम संपलं. मग प्रोग्राम नव्यानं सुरू केला, पिशवीचा नंबर टाकला आणि निकाल आला. सगळ्या तपासण्या स्वच्छ. डॉक्टरबाईंनी तो वाचला, सही ठोकली आणि फ्रीजकडे धावल्या. तो नवरा उठून त्यांच्या मागे धावला.

तलाठीसाहेब पोचले तेव्हा पाच वाजले होते. साक्षगंधाचा पांढरा शर्ट घामानं भिजलेला, हातात कुणीतरी बळेच दिलेला बुंदीचा डबा. रक्तस्राव थांबल्याचा निरोप नुकताच आला होता. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते बसले, सगळं गाव एकेक घर करून तपासलं, आणि तपासून झाल्यावर खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मी बी केलतं हे," ते म्हणाले. "तुह्यापेक्षा जरा मोठा असन तवा. वणीकडं एका हापिसात मशीन सांभाळत होतो. असंच झालं, एक रिकामी जागा. भेलो मी. खिडकी बंद केली अन् जेवाले घरी गेलो. माह्यानंतर सूर्यभानची पाळी होती. त्याच्या पाळीत मशीन मेलेली सापडली. त्याले काढलं." त्यांनी बुंदीचा डबा बाजूला सारला. "मी काईच बोललो नाई. चूक माही, चढली त्याच्या नावावर. दोनदा राजूरले गेलतो त्याले सांगाले. दोन्ही वेळा मोटारस्टँडवरूनच परत आलो. भेव वाटते."

त्यांचं बोट का थरथरतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. आणि पहिला प्रश्न खिडकीचा का होता, तेही.

"उद्या सचिव इचारतीन. मी सांगू शकतो, जुनी मशीन व्हय, बिघडली. तू सांग काय करू." मला नोकरीला लागून सहाच महिने झाले होते. मला होकार द्यायचा होता, तो तोंडापर्यंत आलाही होता. पण त्यांनी निळी वही उघडून कोरं पान माझ्यापुढे धरलं, आणि मी लिहिलं: आज सगळ्या मशीनचा चुकीचा फेरफार झाला, चूक माझी. खाली नाव. दुसऱ्या दिवशी सचिवांच्या केबिनमध्ये मी हेच सांगितलं. लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. बाहेर आले तर तलाठीसाहेब दाराशी उभे होते. "झालं?" म्हणाले, आणि मला चहाला घेऊन गेले.

पुढं ते निवृत्त झाले. तरी महिन्यातून एकदा नेरहून यायचे, माझ्या मागे उभं राहून पडदा पाहायचे. मागच्या वर्षी ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. मी पुण्यानुमोदनाला नेरला गेले. बुद्धवंदना झाली, लोक चार शब्द बोलायला उठले, मलाही बोलवलं. मला एक शब्द बोलता आला नाही. परत येताना बसमध्ये रडले.

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका माणसानं येऊन मशीनवरची जुनी खाती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी मी यादी मागवली, तर जिथं जिथं तलाठीसाहेबांचं नाव होतं तिथं १००३ आलं. नुसता नंबर. पानंच्या पानं १००३. हे असंच सोडणं धोक्याचं होतं. पेढीत नवी मुलगी रुजू होणार होती. तिच्या खात्याला मशीन हाच मोकळा नंबर देऊन टाकू शकतं, आणि मग ज्याला तिनं कधी पाहिलंही नाही अशा माणसाचं सगळं तिच्या नावावर जाईल. वारस लावायला हवा होता. वारस म्हणजे मीच, दुसरं कोण होतं?

फेरफार करण्याआधी काय काय आहे ते एकेक उघडून पाहिलं. बहुतेक सगळं कामाचं. शेवटी एक छोटी फाइल होती, नाव ‘सूर्यभान’. चार ओळींचं पत्र. चूक तुझी नव्हती, माझी होती, मी तेव्हा बोललो नाही. खाली राजूरच्या वस्तीचा पत्ता. फाइलीत शेवटचा बदल कधी झाला ते मशीन दाखवतं. ती तारीख त्यांच्या शेवटच्या फेरीची होती. माझ्या मागे उभे राहिले, चहा प्यायले, आणि मी चहाचे कप ठेवायला गेले तेवढ्यात त्यांनी तिच्यात काहीतरी बदललं असणार. इतकी वर्षं ते त्याच चार ओळी खोडत आणि लिहीत होते.

मी ओळ लिहिली. हात मांडीवर. तीनदा वाचली. बोट थरथरलं. एंटर दाबलं तसं सगळीकडे १००३ जाऊन माझं नाव आलं. त्या पत्रावरही आलं. इतकी भीती मला त्या दिवशीही वाटली नव्हती. गाव बुडालं तेव्हा फोनच्या पलीकडे कुणीतरी होतं.

पत्र छापून पाकिटात घातलं आणि रविवारी मी राजूरला गेले. मोटारस्टँडवर उतरले आणि परतीची गाडी समोरच उभी होती. कंडक्टर यवतमाळ, यवतमाळ ओरडत होता. तिच्या पायरीवर मी एक पाय ठेवलाही. मग तो खाली घेतला आणि पत्ता विचारत निघाले. घर सापडलं. दार एका वाकलेल्या माणसानं उघडलं. सूर्यभान आपणच का, असं मी विचारलं, त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. आधी पाकिटाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"कोनाचं व्हय हे?"

मी तलाठीसाहेबांचं पूर्ण नाव सांगितलं.